झुलू भाषेचा अभ्यास : सांगणारे आणि लिहिणारे

हेन्री कॅलवे हे इंग्रज मिशनरी डॉक्टर. दक्षिण आफ्रिकेच्या नाताळ प्रांतातल्या स्प्रिंगव्हेल येथील आपल्या छापखान्यातून १८६८च्या सुमारास ते झुलू लोकांच्या गोष्टी आणि धर्मकल्पना भागाभागाने छापू लागले. पानावर दोन रकाने असत, एकात झुलू मजकूर आणि शेजारी त्याचे इंग्रजी भाषांतर. पहिला मानव उन्कुलुन्कुलू कुठून आला, मेलेले पूर्वज घरच्यांशी कसे बोलतात, आजारपणात दैवज्ञाकडे कसे जातात, हे सारे झुलू रकान्यात ज्यांनी सांगितले आहे त्यांत म्पेंगुला म्बांडे यांचा वाटा फार मोठा आहे. म्बांडे धर्मांतरित ख्रिस्ती होते, पण जुन्या समजुती ते आतून ओळखत होते आणि त्या सांगताना अडत नव्हते, चाचरत नव्हते. ग्रंथालयाच्या यादीत मात्र ही पुस्तके कॅलवे यांच्या नावावर आहेत.

झुलू भाषा, साहित्य आणि संस्कृती यांचा पदव्युत्तर अभ्यास करू पाहणाऱ्या मराठी वाचकापुढे मी सर्वांत आधी ही पाने ठेवतो, कारण या विद्याशाखेचा सगळा इतिहास त्यांत आहे. दीडशे वर्षे झुलू माणसे सांगत आली आणि इतरांनी ते लिहून घेतले. सांगणारा 'माहितगार' ठरला, लिहिणारा विद्वान. सांगणाऱ्यांनी हळूहळू लेखणी स्वतःच्या हाती घेतली आणि अखेर विद्यापीठात आपल्याच भाषेत प्रबंध लिहिला, ही या विषयाची खरी कथा आहे. व्याकरण, कादंबरी, स्तुतिकाव्य, चालीरीती असे विषयाचे तुकडे पाडून शिकवले की ती हातातून निसटते.

आधी भाषेची थोडी ओळख. झुलू ही दक्षिण आफ्रिकेतील सर्वाधिक लोकांची घरची भाषा आहे. २०२२च्या जनगणनेत सुमारे २४ टक्के लोकांनी तिची नोंद केली. क्वाझुलू-नाताळ हे तिचे माहेर, पण जोहान्सबर्गच्या आसपासही ती सर्रास ऐकू येते. बांटू कुळातल्या न्गुनी गटात ती मोडते. खोसा, स्वाती आणि न्देबेले या तिच्या इतक्या जवळच्या बहिणी आहेत की यांतली एक भाषा येणाऱ्याला दुसरी बरीचशी समजते. १९९६च्या राज्यघटनेने ज्या अकरा भाषांना अधिकृत दर्जा दिला त्यांत ती आहे. २०२३ साली सांकेतिक भाषा बारावी म्हणून आली.

मराठी कानाला या भाषेत एक मोठी सोय आहे. रोमन लिपीतले 'टीएच', 'पीएच', 'केएच' म्हणजे आपले थ, फ, ख. इंग्रजी वळणाने वाचणारा तिथे हमखास फसतो, आपल्याला मात्र ते जन्मापासून येते. अडचण येते ती जिभेच्या टाळीच्या तीन ध्वनींपाशी. रोमन 'सी'ने लिहिला जाणारा ध्वनी म्हणजे आपण हळहळताना दातांमागे जीभ लावून चुकचुकतो तो. 'एक्स' म्हणजे बैल हाकताना गालाच्या कडेने काढतात तो. 'क्यू'साठी जीभ टाळूला चिकटवून खाली आपटायची. हे आवाज आपल्याही तोंडात आहेत, फक्त आपण त्यांनी शब्द घडवत नाही. झुलूत त्यांच्याशिवाय वाक्य पुढे सरकत नाही. देवनागरीत त्यांना अक्षर नाही, म्हणून पुढची नावे आणि शब्द मी जवळच्या उच्चाराने लिहिले आहेत. खरा उच्चार कानानेच घ्यावा लागेल.

व्याकरणाचा कणा म्हणजे नामांचे वर्ग. प्रत्येक नामाला पुढे एक उपसर्ग असतो आणि तो वाक्यभर घुमत राहतो. अबान्तु अबाखुलु बायाहाम्बा, म्हणजे मोठी माणसे चालली आहेत. इझिन्कोमो एझिन्कुलु झियाहाम्बा, म्हणजे मोठी गुरे चालली आहेत. आपल्याकडे लिंगवचनाचा मेळ शब्दाच्या शेवटी बसतो, इथे तो तोंडाशी बसतो. त्यामुळे शब्दकोश उघडला की नवखा गोंधळतो. 'अबान्तु' हा शब्द त्याला 'अ'मध्ये सापडत नाही, उपसर्ग काढून '-न्तु'खाली शोधावा लागतो. लेखनात कर्ता, काळ, कर्म हे सारे क्रियापदाला जोडून एकच लांब शब्द होतो. वाचायला हे सवयीने जमते, पण संगणकाचा शुद्धलेखन तपासनीस घडवणाऱ्यांचा यात कस लागतो, कारण एकाच धातूची हजारो रूपे संभवतात.

शिवाय एक प्रकार असा आहे की ज्यावाचून झुलू गद्य फिके पडते. व्याकरणात त्याला इसेन्झुकुथी म्हणतात. घर कोसळले की 'भिड्ली', सगळीकडे एकदम शांतता पसरली की 'दू'. मराठीत धाडकन, गपकन असे शब्द आहेत, पण ते क्रियाविशेषण म्हणून येतात. झुलूत असा शब्द 'थी' या क्रियापदाच्या आधाराने सगळी क्रियाच अंगावर घेतो. क्लेमंट डोक या भाषाशास्त्रज्ञांनी १९३५ साली या प्रकाराला इंग्रजीत स्वतंत्र पारिभाषिक नाव दिले आणि ते जगभरच्या भाषाविज्ञानात रुजले. लॅटिन व्याकरणाच्या चौकटीत न बसणारी गोष्ट तिच्या जागी ओळखण्याची ही दृष्टी डोक यांचे मोठे देणे आहे.

डोक यांच्या नावाबरोबर दुसरे नाव आलेच पाहिजे, ते बेनेडिक्ट वॉलेट विलाकाझी यांचे. जन्म १९०६, ग्राउटव्हिल. शाळामास्तरकी करत बाहेरून पदवी मिळवली. १९३५ साली 'इन्कोन्ड्लो काझुलू' हा कवितासंग्रह निघाला आणि त्याच सुमारास ते जोहान्सबर्गच्या विटवॉटर्सरँड विद्यापीठात डोक यांच्या हाताखाली रुजू झाले. पद कोणते? भाषा-साहाय्यक. गोऱ्यांच्या विद्यापीठात कृष्णवर्णीय माणसाला अध्यापक म्हणवून घेण्याची सोय नव्हती. तिथे त्यांनी झुलू काव्याच्या घडणीवर एम.ए.चा प्रबंध लिहिला आणि १९४६ साली न्गुनी भाषांतील मौखिक व लिखित साहित्यावर डॉक्टरेट मिळवली. दक्षिण आफ्रिकेत ती मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय. पुढच्याच वर्षी, एकेचाळिसाव्या वर्षी, ते गेले. डोक-विलाकाझी झुलू-इंग्रजी कोश त्यानंतर १९४८ साली बाहेर पडला. त्याच वर्षी वर्णभेदाचे धोरण घेऊन नॅशनल पार्टी सत्तेवर आली. हा कोश आजही अभ्यासकाच्या टेबलावरून हलत नाही. सोवेटोतल्या ज्या रस्त्यावर मंडेला आणि टुटू यांची घरे होती तो विलाकाझी रस्ता यांच्याच नावाचा आहे, हे तिथे गर्दी करणाऱ्या पर्यटकांतल्या किती जणांना ठाऊक असते?

विलाकाझींनी एका वादाला तोंड फोडले, आणि माझ्या मते एम.ए.च्या विद्यार्थ्याने तो मुळापासून वाचावा. इंग्रजी कवितेचा अभ्यास करून त्यांनी झुलूत यमके आणली. लेखक हर्बर्ट ढ्लोमो यांनी त्याला कसून विरोध केला. झुलूतला जवळजवळ प्रत्येक शब्द स्वरान्त असतो आणि क्रियापदांची शेवटची अक्षरे सारखी असतात. त्यामुळे यमक आपोआप जुळते आणि म्हणूनच त्याला धार उरत नाही. उच्चारात लांबते ते उपान्त्य अक्षर, कान तिथे थांबतो. मला ढ्लोमोंची बाजू अधिक पटते. तरी विलाकाझींच्या कविता वाचताना हे मत बाजूला राहते, विशेषतः खाणीतल्या यंत्रांच्या घरघरीवरची त्यांची दीर्घ कविता वाचताना. पारंपरिक स्तुतिकाव्याची चाल तिथे आपसूक वर येते.

झुलू माणसाने झुलूत लिहून छापलेले पहिले पुस्तक मात्र याच्या आधीचे. बिशप कोलेन्सो यांनी पीटरमॅरिट्झबर्गजवळ एकुखान्येनी येथे मिशन काढले होते. तिथे छपाई शिकलेले मागेमा फुझे १८५९ साली बिशपांबरोबर राजा म्पांडेच्या भेटीला गेले, आणि त्यांनी व त्यांच्या सोबत्यांनी लिहिलेल्या प्रवासनोंदी १८६०मध्ये प्रसिद्ध झाल्या. याच मिशनवरच्या विल्यम न्गिडी यांनी बायबलचे भाषांतर करताना बिशपांना विचारले की नोहाच्या तारवाची गोष्ट खरेच घडली का? या प्रश्नाने कोलेन्सो हलले, बायबलची चिकित्सा करू लागले आणि त्यांच्यावर पाखंडाचा खटला चालला. शिकवायला आलेला माणूस असा शिकणाऱ्याकडून शिकला. फुझे यांचे आपल्या लोकांच्या उगमाविषयीचे पुस्तक अखेर १९२२ साली निघाले. तेव्हा ते म्हातारे झाले होते.

कादंबरी जॉन लंगालिबालेले दुबे यांच्यापासून सुरू होते. डर्बनजवळ इनांडा येथे त्यांनी ओह्लांगे ही शाळा काढली, १९०३ साली 'इलांगा' हे वृत्तपत्र सुरू केले आणि पुढे आफ्रिकन नॅशनल काँग्रेस झालेल्या संघटनेचे १९१२ साली ते पहिले अध्यक्ष झाले. 'इन्सिला काशाका' ही त्यांची १९३०ची कादंबरी झुलूतली पहिली मानतात. ओह्लांगे गांधींच्या फिनिक्स आश्रमाच्या शेजारीच होते. १९१२च्या नोव्हेंबरात गोपाळ कृष्ण गोखले तिथे जाऊन दुबे यांना भेटले आणि कृष्णवर्णीयांच्या प्रश्नावर त्यांच्याशी बोलले. त्याच दौऱ्यात गोखल्यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या कोकणी मुसलमानांपुढे आणि महाराष्ट्रीयांपुढे मराठीत भाषण केले व गांधींनी त्याचे हिंदुस्थानीत भाषांतर केले, असे गांधींच्या सत्याग्रहाच्या इतिहासात आहे. मराठी आणि झुलू यांच्यातला धागा इथे थोडा वेळ दिसतो आणि पुन्हा नाहीसा होतो. तो पुढे कोणी विणला नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

१९५३च्या बांटू शिक्षण कायद्याने झुलू साहित्यावर मोठा आघात केला. शाळा सरकारच्या ताब्यात गेल्या, आफ्रिकी भाषांतले पुस्तक म्हणजे शाळेला लागणारे पुस्तक असे समीकरण बसले आणि काय छापायचे ते पाठ्यपुस्तकांच्या समित्या ठरवू लागल्या. गावचा पोरगा शहरात जातो, बिघडतो, परत येतो, हे कथानक पुन्हा पुन्हा आले. राजकारण वर्ज्य होते. या काळातले सगळेच लेखन टाकाऊ मानण्याची रीत काही समीक्षकांत आहे. ती चुकीची आहे, आणि सिरिल न्येम्बेझी हे तिला पुरेसे उत्तर आहे.

न्येम्बेझींची १९६१ची 'इन्किन्सेला यासेम्गुन्गुन्ड्लोवू' घ्या. पीटरमॅरिट्झबर्गचा श्रीमंत म्हणवणारा न्डेबेन्कुलू नावाचा भामटा न्यान्यादू या खेड्यात उतरतो. त्याच्या पत्रात नावापुढे 'एस्क्वायर' लावलेले असते. हे काय प्रकरण आहे, हे बिरुद आहे की आडनाव, यावर घरात खल होतो. साहेबी थाटाने दिपलेल्या लोकांना तो पटवू लागतो की तुमची गुरे माझ्याकडे विकायला द्या, इतरांना मिळत नाही असा भाव आणून देतो. प्रसंग हसवणारा आहे, पण ज्यांच्याकडून जमीन गेली आणि आता गुरेही जायच्या बेतात आहेत अशा लोकांची ही गोष्ट आहे. समितीच्या डोळ्यांदेखत न्येम्बेझींनी हे लिहिले. सरकारने फोर्ट हेअर विद्यापीठ ताब्यात घेतले तेव्हा १९५९ साली त्यांनी तिथली नोकरी सोडली आणि पीटरमॅरिट्झबर्गच्या एका प्रकाशनसंस्थेत जाऊन झुलू पुस्तकांची उभारणी केली. १९५६चे त्यांचे 'उह्लेलो ल्वेसिझुलू' हे झुलूत लिहिलेले झुलू व्याकरण आहे. नाम म्हणजे इबिझो, क्रियापद म्हणजे इसेन्झो, अशी परिभाषा त्यात चालते. म्हणी, कोश, व्याकरण, कादंबरी अशा चारही बाजूंनी एकाच माणसाने केलेले एवढे काम पाहिले की मान आपोआप झुकते.

मझिसी कुनेने यांची कहाणी वेगळी. १९५९ साली ते देशाबाहेर पडले आणि लंडन, मग लॉस एंजेलिस असे तीन दशकांहून अधिक काळ परक्या मुलखात राहून झुलूतच लिहीत राहिले. झुलू राजा शाकावरचे महाकाव्य १९७९ साली त्यांनी स्वतः केलेल्या इंग्रजी अनुवादात निघाले आणि जगभर गाजले. मूळ झुलू ग्रंथ 'उनोदुमेह्लेझी कामेन्झी' २०१७मध्ये आला, कवीच्या मृत्यूनंतर अकरा वर्षांनी. जे काव्य झुलू वाचकासाठी लिहिले होते ते त्याला सर्वांत शेवटी मिळाले.

आता मौखिक परंपरा, म्हणजे या अभ्यासाचे काळीज. जेम्स स्टुअर्ट हे वसाहतीतले न्यायाधिकारी. १८९७ ते १९२२ या काळात त्यांनी सुमारे दोनशे जणांना बसवून त्यांच्या आठवणी उतरवून घेतल्या. सांगणाऱ्यांत जान्त्शी कानोंगिला आहेत, ज्यांचे वडील शाकाचे हेर होते. न्दुक्वाना काम्बेन्ग्वाना आहेत, जे पुष्कळ बैठकांना हजर असत आणि मध्येच दुरुस्ती करत. या वह्या डर्बनच्या किली कॅम्पबेल ग्रंथालयात आहेत आणि १९७६पासून त्यांचे खंड संपादित होऊन निघत आले आहेत. वाचताना तीन थर वेगळे करावे लागतात. घडले तेव्हाचा काळ, सांगणाऱ्याचे घराणे व हितसंबंध, आणि प्रश्न विचारणाऱ्या अधिकाऱ्याचा हेतू. या वह्यांतला मजकूर सरळ इतिहास म्हणून उचलला की फसगत होते, आणि साहेबाने लिहिलेला म्हणून फेकून दिला तर शेकडो झुलू आवाज कायमचे हरवतात.

इझिबोंगो, म्हणजे स्तुतिकाव्य, हे या संग्रहाचे सोने. राजाच्या भाटाला इम्बोंगी म्हणतात. तो अंगावर कातडी चढवून, येरझाऱ्या घालत, एका दमात इतक्या वेगाने म्हणतो की छापील पानावर त्याची कल्पनाही येत नाही. स्तुती म्हटली तरी त्यात टोचणी असते. राजाच्या क्रौर्याचा, फसलेल्या मोहिमेचा उल्लेख भाट करतो आणि त्याला तो हक्क असतो. ट्रेव्हर कोप यांनी १९६८ साली स्टुअर्ट-संग्रहातून काढलेले संपादन पिढ्यान्‌पिढ्या अभ्यासाला लावले गेले. पण त्यामुळे एक गैरसमजही रुजला की इझिबोंगो राजांचीच असतात. १९९१ साली लिझ गनर आणि माफिका ग्वाला यांच्या 'मुशो!' या पुस्तकाने तो मोडला. खाणकामगार, गावच्या बायका, पोरे, सगळ्यांची इझिबोंगो असतात, आणि सण-समारंभात लोक ती एकमेकांसाठी मोठ्याने म्हणतात. मैदानी संशोधन करू इच्छिणाऱ्याने राजवाड्यापेक्षा अशा अंगणात आधी बसावे, असे मला वाटते.

संस्कृतीचा अभ्यास भाषेपासून तोडता येत नाही, याचे गुरांच्या नावांइतके चांगले उदाहरण नाही. गाईच्या कातडीवरचे ठिपके एका छोट्या पक्ष्याच्या अंड्यांवरच्या ठिपक्यांसारखे असतील तर तिचे नाव 'हुयेची अंडी'. पांढऱ्यावर बारीक काळे ठिपके असतील तर 'ताकातल्या माश्या'. मार्गरिट पोलंड यांनी नाताळ विद्यापीठात या नावांवर डॉक्टरेट केली आणि त्यातून पुढे 'अबंडंट हर्ड्स' हे देखणे सचित्र पुस्तक झाले. रंग, शिंगांचा आकार, निसर्गातली उपमा आणि वधूमूल्यात त्या गाईचे स्थान, असे सारे एका नावात गुंफलेले असते. तसेच ह्लोनिफाचे. सुनेने सासऱ्याच्या नावातली अक्षरे उच्चारायची नाहीत, त्यासाठी दुसरे शब्द वापरायचे. राजांच्या नावांनाही हा नियम लागे. मुळाला झुलूत 'इम्पांडे' म्हणतात. म्पांडे राजाच्या काळात लोक त्याऐवजी 'इन्ग्क्साबो' म्हणू लागले. यात आदर किती आणि स्त्रीच्या तोंडाला घातलेले कुलूप किती, यावर आज झुलू स्त्रिया स्वतः संशोधन करत आहेत. आजार आणि उपचार यांवर हॅरिएट न्गुबाने यांचे १९७७चे पुस्तक याच जातीचे. झुलू स्त्रीने आपल्या समाजाविषयी मानववंशशास्त्राच्या शिस्तीने लिहिलेले.

अभ्यासक्रमाची रचना थोडक्यात सांगतो. तिकडे तीन वर्षांच्या पदवीनंतर एक वर्षाचे ऑनर्स, मग एम.ए. आणि पीएच.डी. क्वाझुलू-नाताळ, झुलूलँड, विटवॉटर्सरँड, जोहान्सबर्ग, प्रिटोरिया आणि दूरशिक्षणाचे युनिसा अशी विद्यापीठे आहेत. दीर्घकाळ सगळीकडे एक विचित्र प्रथा होती. अवतरणे झुलूत, विवेचन इंग्रजीत. क्वाझुलू-नाताळ विद्यापीठाने २००६ साली द्विभाषिक धोरण स्वीकारले, २०१४पासून झुलू न येणाऱ्या पदवी विद्यार्थ्यांना तिचा प्राथमिक पाठ्यक्रम सक्तीचा केला, आणि झुलूत लिहिलेल्या डॉक्टरेटच्या प्रबंधांना मान्यता मिळू लागली. सक्तीच्या एका पाठ्यक्रमाने अभ्यासक घडत नाहीत, पण रुग्णाशी दोन शब्द बोलू शकणारा डॉक्टर घडतो, आणि ते थोडे नाही. झुलूत प्रबंध लिहिणाऱ्यापुढच्या अडचणी मात्र खऱ्या आहेत. परिभाषा घडवावी लागते, ती वाचू शकणारे परीक्षक शोधावे लागतात, आणि ज्या मुलांना चौथीपासून शिक्षण इंग्रजीत मिळाले त्यांना स्वतःच्याच भाषेत युक्तिवाद मांडायला नव्याने शिकावे लागते. डर्बनच्या वस्तीतली मिश्र बोली बोलणारा विद्यार्थी आणि पाठ्यपुस्तकातली 'खोल' झुलू यांच्यातले अंतरही मोठे आहे. ही मिश्र बोली अशुद्ध ठरवून अभ्यासाबाहेर ठेवणारे विभाग स्वतःचेच विद्यार्थी गमावतात.

कामे पडून आहेत ती किती! 'इलांगा'चे शतकभराचे अंक, १९४१ साली किंग एडवर्ड मासिंगा यांच्या आवाजात झुलू बातम्या सुरू झाल्यापासूनचे नभोवाणीचे जग आणि त्यातली नाटके, गिटारवर गायल्या जाणाऱ्या मास्कांदी गाण्यांतली इझिबोंगो, शनिवारी रात्रभर चालणाऱ्या इसिकाथामिया या समूहगायनाच्या स्पर्धा. मराठी विद्यार्थ्याला यातले काही करायचे असेल तर त्याने आधी दोन वर्षे भाषेला द्यावीत. न्येम्बेझींची कादंबरी मुळातून वाचायला घ्यावी, डोक-विलाकाझींचा कोश हाताशी ठेवावा, स्टुअर्ट-खंडांतला एकेक सांगणारा नावानिशी ओळखून घ्यावा. उखोझी एफएम ही झुलू नभोवाणी इंटरनेटवर मिळते, ती रोज ऐकावी. पहिले काही महिने नुसता नाद ऐकू येईल, मग त्यातले उपसर्ग सुटे होऊ लागतील. प्रबंधाचा विषय त्यानंतर ठरवावा.